काजळकोरीची खालची बाजू

कारागिराच्या खुर्चीत बसलेला माणूस नेहमी बरोबर असायचा. सकाळी एखादं गिऱ्हाईक म्हणालं की यंदा महागाईनं कंबर मोडली, तर कात्री चालवत कारागीर म्हणायचा, "मोडली म्हणजे काय, पार भुगा झाला." दुपारी दुसरं म्हणालं की लोक उगाच रडतात, पैसा चिक्कार आहे सगळ्यांकडे, तर त्याच खुर्चीमागून तोच आवाज यायचा, "तेच तर म्हणतो मी." यात लबाडी नव्हती. ज्याच्या मानेवर वस्तरा ठेवायचा त्याच्याशी वाद घालू नये, हे धंद्याचं शहाणपण होतं, आणि ते त्याच्या अंगात पार मुरलं होतं. घरी बायकोनं "मीठ जास्त झालं का हो?" विचारलं तरी तो "नाही" म्हणायचा आणि "कमी झालं का?" विचारलं तरी "नाही"च. तिनं विचारायचं सोडून दिलं होतं.

त्याचा मेहुणा नेमका उलट्या मातीचा. बायकोचा हा थोरला भाऊ वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक होता. सगळा बाजार त्याला साहेब म्हणायचा, थोडे आदरानं आणि बाकीचे दातओठ खात. साध्या कपड्यांत, हातात पिशवी घेऊन हा दुकानात शिरायचा, चार लोकांसारखी किलोभर साखर मागायचा, आणि दुकानदारानं पुडा बांधून हातात दिला की पिशवीतून स्वतःची पितळी वजनं काढून तिथेच मांडायचा. सख्ख्या मामाच्या दुकानात काटा मारलेला सापडला तेव्हा त्यानं मामालाही दंड लावला. मामीनं पुढे जन्मभर त्याला दारात उभं केलं नाही. साहेबाला त्याचं वाईट वाटायचं, पण आपलं चुकलं असं मात्र कधी वाटलं नाही.

अशा दोघांचं जमलं कसं, असं लोक विचारत. जमलं ते फुलपाखरांमुळे. दोघं एकाच गल्लीत वाढले, गल्लीच्या टोकाला बंद पडलेली वीटभट्टी होती, आणि तिथे रान माजलं होतं. उनाड पोरं तिथे पत्ते खेळायला जायची, हे दोघं पिवळ्या आणि निळ्या फुलपाखरांच्या मागे रांगत असायचे. पुढे एक न्हाव्याच्या कामाला लागला, दुसरा सरकारी नोकरीत चिकटला, एकाची बहीण दुसऱ्याच्या घरी आली. तरी नात्याआधीची मैत्री होती म्हणून तोंडात "साहेब" असलं तरी पुढे "तू"च राहिलं.

गावात फुलपाखरं पाहणाऱ्यांचं एक मंडळ होतं. औषधांच्या दुकानामागच्या खोलीत, खोक्यांवर आणि दोन बाकांवर ते भरायचं. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई अध्यक्ष होत्या. मंडळाचा मुख्य नियम मात्र बाईंचा नव्हता, तो साहेबाचा होता, हे काही सांगायला नको. दोघांनी पाहिलं तरच पाहिलं. एकट्याला दिसलेलं फुलपाखरू म्हणजे स्वप्नात मिळालेली बढती, असं तो म्हणायचा. नुसतं "मीही पाहिलं" म्हणूनही भागत नसे. फुलपाखरू उडतं तेव्हा पंखांची वरची बाजू दिसते, पंख मिटून बसतं तेव्हा खालची. तेव्हा पाहून झालं की एकानं वरची बाजू सांगायची आणि दुसऱ्यानं खालची. कोणी कुठली सांगायची ते पाहून झाल्यावरच ठरायचं. दोन्ही बाजू जुळल्या की ओळख पक्की, मग बाईंच्या वहीत नोंद.

आता सगळ्यांना "हो" म्हणणाऱ्या माणसाला साहेबानं आपला जोडीदार केला, याचं मंडळाला हसू यायचं. पण त्यांना कारागीर माहीत नव्हता. माळावर पाऊल पडलं की हा माणूस बदलायचा. "पाहिलंस ना?" असं साहेबानं कितीही आशेनं विचारलं तरी दिसलं नसेल तर तो सरळ "नाही" म्हणायचा. त्याच्या एका "नाही"पायी साहेबाची कितीतरी दुर्मीळ फुलपाखरं पाण्यात गेली होती. साहेब चिडायचा, पुटपुटायचा, आणि मनातून खूश व्हायचा. कारागिरालाही तिथेच मोकळं वाटायचं. आठवडाभर माना डोलवून आलेल्या माणसाला कुठेतरी नाही म्हणायला जागा लागते.

एक फुलपाखरू मात्र त्यांना कधीच मिळालं नव्हतं. काजळकोर. हे नाव साहेबानंच ठेवलेलं. पंखांच्या कडेला डोळ्यात काजळ घालावं तशी काळी रेघ. ती त्यांच्या देशात नव्हतीच. सीमेपलीकडे डोंगरातल्या कुरणांवर ती वसंतात थोडे दिवस उडायची, मग उन्हाळ्यात तिची दुसरी पिढी यायची. हे दोघं वसंतातच जायचे, कारण उन्हाळा लग्नसराईचा, तेव्हा कारागिराला दुकान बंद ठेवता येत नसे. कधी पाऊस पडायचा, कधी धुकं, एकदा तर बर्फ. दरवेळी हात हलवत परत. एका जुन्या कॅलेंडरावर काजळकोरीचं पंख मिटून बसलेलं चित्र होतं, ते कारागिरानं कापून दुकानात आरशाच्या बाजूला चिकटवलं होतं. दाढी करताना तो रोज त्याच्याकडे पाहायचा.

मग साहेबाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि पुन्हा शिवून टाकलं. साहेबाची बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं, जिना चढून वरच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा. बहीण दोन वेळचा डबा पोचवायची आणि डबा तसाच परत आणायची. मार्च सरायला आला तसा साहेब म्हणाला, "यंदा जायचं." डॉक्टर नको म्हणाले. डॉक्टरांचं ऐकायला आता उरलं होतं तरी काय?

निघायच्या दिवशी कारागिराची बायको पिशवीत औषधं भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, दादाला ती दिसली पाहिजे हं."

"मी काय ती खिशात घालून नेतोय?"

"ते मला माहीत नाही. पुन्हा काही त्याला जाता यायचं नाही. तेवढं त्याच्या मनासारखं होऊ दे."

"होईल," कारागीर म्हणाला. खुर्चीतल्या माणसाला म्हणायचा तसं.

सीमेवरच्या चौकीत अधिकाऱ्यानं औषधांची पिशवी टेबलावर पालथी केली. बाटल्या, गोळ्यांची पाकिटं, सुया. कशासाठी चाललात, असं त्यानं विचारलं. "फुलपाखरं बघायला," साहेब म्हणाला. अधिकाऱ्यानं साहेबाच्या तोंडाकडे पाहिलं, पिवळे पडलेले डोळे पाहिले, आणि पुढचं काही न विचारता शिक्का मारला. साहेब बाहेर येऊन म्हणाला, "इतकी वर्षं येतोय, पण इतक्या लवकर कधी सोडलं नव्हतं. आजाराचेही फायदे असतात बघ."

खालच्या गावात नेहमीचीच खानावळ होती, वर भाड्यानं द्यायच्या खोल्या. मालकिणीची भाषा यांना येत नव्हती आणि यांची तिला. आजवर खाणाखुणांवर निभावलं होतं. तिनं साहेबाला जिन्यात थांबून धापा टाकताना पाहिलं आणि न सांगता खालची खोली उघडून दिली. एक उशी जास्तीची आणून ठेवली. कारागिराला हात जोडावेसे वाटले, पण त्याला रडू आलं असतं म्हणून तो खिडकी उघडायला गेला.

पहिले दिवस ढगांनी खाल्ले. ऊन नसलं की फुलपाखरू उडत नाही. दोघं खोलीत बसून राहायचे. साहेब भिंतीला टेकून बाहेर बघायचा, मधूनच पोट धरून वाकायचा, आणि कळ ओसरली की जिथे सोडलं होतं तिथूनच बोलायला लागायचा.

"तुला एक सांगायचं राहिलं. बाईंनी परवा दाखवलं. वसंतातली काजळकोर आणि उन्हाळ्यातली काजळकोर, दोन्ही खालून सारख्या नसतात. उन्हाळ्यातलीला रुंद पिवळा पट्टा. वसंतातलीला पट्टा नाहीच, नुसते रुपेरी ठिपके. तुझ्या दुकानातली ती उन्हाळ्यातली आहे."

"बरं," कारागीर म्हणाला. तेव्हा तो गोळीचे तुकडे करत होता. साहेबाला अख्खी गोळी गिळवत नव्हती. त्यामुळे ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडलं.

परतायच्या आदल्या दिवशी ढग फाटले आणि लख्ख ऊन पडलं. ते कुरणावर चढले, म्हणजे कारागिरानं साहेबाला चढवलं. दहा पावलं, मग बसायचं. पुन्हा दहा पावलं. गवत ओलं होतं, दगडी बांधाच्या फटींतून बारीक पिवळी फुलं आली होती. कोबीवरची पांढरी फुलपाखरं दिसली, छोटी निळी दिसली. साहेबानं एकाचीही बाजू विचारली नाही. बांधाच्या वरच्या अंगाला एका सपाट दगडावर त्याला बसवून कारागीर खाली आला. साहेबानं वाटेत ओकारी काढली होती, ती कोटावर उडाली होती, तो कोट बांधाखालच्या ओहळात धुवायचा होता.

तो ओणवा होऊन कोट चोळत होता तेव्हा वरून हाक आली. मोठी नव्हती. साहेबाच्या अंगात मोठी हाक उरली नव्हती.

"आली."

कारागीर ताडकन उठला. समोर ऊन होतं. डोळ्यांसमोर पांढरं झालं. बांधावर काहीतरी हललं असं वाटलं, पण ते गवत असेल, सावली असेल, त्याच्याच पापणीवरचं पाणी असेल. त्यानं कपाळावर हात आडवा धरला. बांध रिकामा होता.

"पाहिलंस ना? तुझ्याच बाजूला गेली. बांधावर बसली ना?"

साहेब दगडावरून उठून उभा राहिला होता, कुणाच्याही आधाराशिवाय. कारागिरानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा त्यानं वीटभट्टीत पाहिला होता, नंतर कधी नाही. त्या क्षणी त्याला बायको आठवली, पिशवीत औषधं भरणारी. ही वेळ आता परत यायची नाही आणि साहेबही इथे परत यायचा नाही, एवढंच त्याला सुचलं. आणि आजवर माळावर कधी न वापरलेला खुर्चीमागचा आवाज त्याच्या तोंडून आला.

"पाहिली."

"बसली?"

"बसली की. चांगली ऐसपैस बसली."

साहेबानं डोळे मिटले. मग तो घाईघाईनं बोलायला लागला, धाप लागत होती तरी. "वरची मी सांगतो. गडद तांबूस. पुढच्या पंखावर दोन फिकट डाग, एक मोठा, एक लहान. आणि कडेला रेघ, काळीभोर, मागच्या पंखाच्या टोकापर्यंत गेलेली. मला खालची नाही दिसली, बांध आडवा आला. खालची तू सांग."

कारागिरानं कोट पिळत पिळत सांगितली. ती तर त्याला पाठच होती, रोज दाढी करताना पाहिलेली. "करडी. बारीक शिरा. आणि मधोमध पिवळा पट्टा."

साहेबानं डोळे उघडले.

"पट्टा?" त्यानं विचारलं.

आता इथे देवानं माणसाला एक संधी दिली होती. साहेब कधी कुणाला दोनदा विचारत नसे. सख्ख्या मामालाही विचारलं नव्हतं. पण थाप मारायची सवय नसलेला माणूस थाप मारायला लागला की ती पक्की करायला जातो.

"पट्टा म्हणजे, चांगला बोटभर रुंद."

साहेब हळूच खाली बसला. हातातली दुर्बीण त्यानं डब्यात घातली, डब्याचा पट्टा लावला.

"चल," तो म्हणाला. "ऊन गेलं."

ऊन गेलं नव्हतं. कारागिराच्या मानेवर ते चटचटत होतं. काजळकोर हुसकली की घटकाभरात त्याच दगडावर परत येऊन बसते, हे पुस्तकांत वाचून या दोघांइतकं कुणाला पाठ नव्हतं. कारागीर "नाही पाहिली" म्हणाला असता तर साहेब म्हणाला असता, बस इथे गुपचूप, येईल. आणि ती आलीही असती कदाचित. पण कारागिराला वाटलं, दमला असेल. त्यानं ओला कोट खांद्यावर टाकला आणि साहेबाच्या काखेत हात घातला.

उतरताना अर्ध्या वाटेवर त्याला ते आठवलं. गोळीचे तुकडे, ढग, आणि साहेबाचा आवाज, वसंतातलीला पट्टा नाहीच. त्याचा पाय ओल्या गवतावरून घसरला, आणि साहेबानंच त्याला सावरलं. "सांभाळ," साहेब म्हणाला, एरवी म्हणाला असता तसंच. ते ऐकून कारागिरानं स्वतःची समजूत घातली. औषधांच्या गुंगीत असतो, त्याच्या लक्षात नसेल राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. परतीच्या बसमध्ये साहेब खिडकीला डोकं टेकून होता. झोपलाय की नुसते डोळे मिटलेत, हे कळत नव्हतं, आणि कारागिरानं विचारलं नाही.

गावी पोचल्यावर मंडळ भरलं. साहेबाला खुर्चीत बसवून औषधांच्या दुकानापर्यंत आणलं होतं. बाईंनी मुद्दाम साडी बदलून येऊन विचारलं, "मग? दिसली म्हणे काजळकोर?"

"दिसली," साहेब म्हणाला. "मला."

"आणि आपल्या कारागिराला?"

"मी एकटा होतो."

खोलीत दोघं-तिघं हसले. साहेब विनोद करतोय असं त्यांना वाटलं, कारण दोघांना एकत्र जाताना सगळ्या गावानं पाहिलं होतं. बाई हसल्या नाहीत. जन्म पोरांना शिकवण्यात गेला होता, कोण खाली मान घालून बसलंय ते त्यांना लगेच दिसलं.

"मग धरता येणार नाही हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"नकाच धरू. आणि आमच्या जोडीच्या नावावर वहीत मागची जी आहेत, तीही काढून टाका."

"सगळी?"

"सगळी."

मागची सगळी खरी होती. एकूण एक. पावसात भिजून, काट्यात हात घालून, उपाशीपोटी पाहिलेली. एकेका फुलपाखराच्या दोन्ही बाजू कारागिराला आत्ता सांगता आल्या असत्या. पण ज्यानं न पाहिलेली बाजू सांगितली, त्यानं पाहिलेल्या सांगून काय होणार? जन्मभर सगळ्यांच्या होला हो मिळवणारा तो माणूस तिथेही गप्पच बसला.

घरी आल्यावर बायकोला कळायला वेळ लागला नाही. गावात गोष्ट तोंडातून निघेपर्यंत वेशीवर पोचलेली असते.

"तुम्ही खोटं बोललात त्याच्याशी?"

"तूच म्हणालीस ना, त्याच्या मनासारखं होऊ दे."

"त्याला दिसू दे म्हटलं होतं मी. तुम्ही पाहिली म्हणा, असं नाही म्हटलं." ती पोळपाट पुसत राहिली, बराच वेळ, पुसून झाला तरी. "त्याला तर खरंच दिसली होती हो."

तेच तर होतं. साहेबाला खरंच दिसली होती.

कारागीर दर रविवारी सकाळी साहेबाची दाढी करायला त्याच्या खोलीवर जायचा, ते त्यानं थांबवलं नाही आणि साहेबानंही नको म्हटलं नाही. गाल आत गेले होते. वस्तरा चालवायला जागाच उरली नव्हती, बोटानं कातडी ताणून धरावी लागायची. साहेब पाणी मागायचा, उशी सरकवायला सांगायचा, बहिणीची चौकशी करायचा. फुलपाखरांचा विषय निघत नसे. एका रविवारी साबण लावून झाल्यावर कारागिराच्यानं राहवेना. वस्तरा हातात तसाच धरून तो म्हणाला, "साहेब, मागची सगळी खरी होती. ती एकच."

साहेब छताकडे पाहत होता. फेसातून त्याचे ओठ हलले.

"असतील."

"असतील नाही. होती."

"दुकानदारही हेच म्हणायचे. साहेब, आजच काय तो काटा चुकला." त्याला धाप लागली, तो थांबला. "आणि त्यातले काही खरंच बोलत असतील, मला ठाऊक आहे. पण गेलेला माल मागे जाऊन तोलता येत नाही रे."

"मला तुझं तोंड बघवलं नाही. म्हणून बोललो."

"माहीत आहे मला. तेही तिथेच कळलं." साहेबानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. डोळे पिवळे होते आणि ओले होते. "मला ती फार हवी होती. पण ती वहीत चढली नाही म्हणून नाही बोलत. सगळ्या बाजारात तू एकटा होतास, ज्याच्यापुढे मी कधी वजनं काढली नाहीत."

"बरोबर आहे" असं कारागीर आता कुणालाच म्हणू शकत नव्हता. गालावरचा फेस वाळायला लागला होता. त्यानं ब्रश पाण्यात बुडवून पुन्हा साबण लावला, दोन बोटांनी कातडी ताणून धरली, आणि साहेबानं हनुवटी वर करून आपला गळा त्याच्यापुढे केला.